ठसका न लागणारा धूर

एप्रिल लागला की आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या बोळांतून चटणीचा वास फिरायला लागतो. कुणाच्या गच्चीवर संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या वाळत पडलेल्या असतात, कुणाच्या सोप्यात देठं खुडायला बायका गोळा झालेल्या असतात. एखाद्या घरात भाजणं सुरू झालं की त्या घराची आणि शेजारच्या दोन घरांची दारं-खिडक्या सताड उघडतात. मिरची कढईत पडते, पहिला ठसका आतल्या खोलीतून येतो, दुसरा जिन्यावरून, तिसरा रस्त्यानं जाणाऱ्या माणसाचा. पोरं बाहेर पळतात, म्हातारी माणसं कट्ट्यावर येऊन बसतात, बायका नाकाला पदर लावतात. कुणाला काही सांगावं लागत नाही. वर्षभराची कांदा-लसूण चटणी डंकावरून कुटून घरात येईपर्यंत हे चालतं आणि त्याबद्दल कुणी तक्रारही करत नाही.

मिरचीतलं कॅप्सायसिन कढईतून उठणाऱ्या धुराबरोबर हवेत येतं आणि घशातले, श्वासनलिकेतले जे मज्जातंतू चटका ओळखतात त्यांनाच जाऊन लागतं. काहीही भाजलेलं नसताना शरीर भाजल्यासारखं वागतं. डोळ्यांतून पाणी काढतं, खोकून खोकून हवा बाहेर लोटतं. फुफ्फुसाची ही राखण चांगलीच आहे, पण या राखणदाराला सगळे चोर ओळखता येत नाहीत. पुऱ्या तळताना उठणारा तेलाचा धूर, देवापुढची उदबत्ती, रात्रभर जळणारी डासांची कॉइल, गॅसच्या निळ्या ज्योतीत तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड, बंद न्हाणीत साठणारा कार्बन मोनॉक्साइड. यांतल्या बहुतेकांनी ठसका लागत नाही आणि म्हणून खिडकी उघडत नाही.

हे माझ्या नीट ध्यानात आलं ते आत्तींमुळं, म्हणजे माझ्या सासूबाईंमुळं. त्यांनी जन्मात कधी विडी ओढली नाही, घरातही कुणी ओढणारं नव्हतं. तरी अलीकडं जिना चढताना त्या मधेच थांबायला लागल्या. अंबाबाईच्या देवळाला चालत जाणाऱ्या बाईला महाद्वार रोडवर दोनदा कुठंतरी टेकावं लागायला लागलं. वय झालं, असं आम्ही सगळेच म्हणत होतो, त्याही म्हणत होत्या. छातीच्या डॉक्टरांनी त्यांना एका नळीत जोरात फुंकायला लावलं, संगणकावर उमटलेला आलेख बघितला आणि विचारलं, "आजी, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला?"

"लगीन झाल्यापास्नं गॅस येईपत्तूर," आत्ती म्हणाल्या. "त्याच्या आदी आईकडं. शेणी, चिपाडं, तुरकाट्या, घावंल ते घालायचं. पावसाळ्यात वली लाकडं असली की डोळं फुटायची पाळी."

आजाराचं नाव सीओपीडी. श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. आपल्याकडं हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा मानला जातो. पण आयुष्यात एकही विडी न ओढलेल्या असंख्य बायका त्याच्या रोगी आहेत, कारण त्यांनी चुलीपुढं बसून तितकाच धूर आत घेतलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरात जाळल्या जाणाऱ्या इंधनाच्या धुरामुळं २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. पंतप्रधान उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली. तोवर आत्तींच्या पिढीचं निम्म्याहून अधिक आयुष्य फुंकणीनं चूल फुंकण्यात सरलं होतं.

कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाबद्दल मी त्यानंतर वाचलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातेतल्या खेड्यांत चुलीपुढच्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं. त्या काळी हवेचं प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी आणि शहरातला रस्ता, एवढंच समजलं जायचं. स्मिथ यांनी सबंध आयुष्य एक साधा प्रश्न लावून धरला: धूर किती निघाला याच्याइतकंच तो कुठं निघाला आणि तिथं कोण होतं, हे का बघत नाही? गिरणीच्या उंच धुराड्यातून निघालेला धूर विरळ होत होत माणसापर्यंत येतो. चुलीतला धूर निघतो तोच एका बाईच्या तोंडापुढं. स्मिथ २०२० साली गेले. त्यांचं काम वाचल्यापासून मी घराकडं, म्हणजे आमच्या गॅसवाल्या, टाइल्स लावलेल्या स्वच्छ घराकडं, वेगळ्या नजरेनं बघायला लागले आणि हवा मोजायचं एक यंत्र आणलं.

तळहातात मावेल एवढी डबी आहे ती. आत छोटा पंखा हवा ओढून घेतो, त्या हवेवर लेसरचा किरण पडतो, हवेतल्या कणांवर आपटून प्रकाश विखुरतो, आणि त्या विखुरण्यावरून कण किती असतील याचा अंदाज लावला जातो. मोजायचे असतात ते पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते, यावरून या कणांचा बारीकपणा ध्यानात यावा. नाकातले केस, घशातला कफ या सगळ्यांना चुकवून ते फुफ्फुसाच्या तळाशी जातात. आपल्या देशाच्या २००९च्या मानकांप्रमाणं हवेत त्यांचं २४ तासांचं सरासरी प्रमाण एका घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली ही मर्यादा १५वर आणली. दुसरा आकडा कार्बन डायऑक्साइडचा. तो स्वतः एवढ्या प्रमाणात विषारी नसतो, पण माणसं जी हवा सोडतात ती खोलीत किती साठली आहे हे त्यावरून कळतं. जर्मनीतले माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ सालीच सांगून ठेवलं होतं की खोलीत हा वायू दहा लाखांत १००० भागांच्या वर गेला की हवा बदलायची वेळ झाली. बाहेरच्या हवेत तो आज सुमारे ४२० भाग असतो.

यंत्र विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथंच सांगते, कारण दुकानात ती कुणी सांगत नाही. पुष्कळ स्वस्त यंत्रं कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. हवेतल्या इतर वाफांवरून त्याचा अंदाज बांधतात आणि छातीठोकपणे आकडा दाखवतात. अशा यंत्राजवळ अत्तराची कुपी उघडली किंवा सॅनिटायझर हाताला लावलं तरी आकडा उसळतो. खरं मोजणारी यंत्रं हा वायू इन्फ्रारेड प्रकाश किती शोषतो त्यावरून मोजतात. एकदा गच्चीवर नेऊन ठेवावं, थोड्या वेळानं आकडा ४२०-४५०च्या आसपास स्थिरावला तर विश्वास ठेवावा. कणांच्या आकड्यालाही पावसाळ्यात सांभाळून घ्यावं लागतं. हवा दमट असली की कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्र आहे त्यापेक्षा जास्त सांगतं. नेमक्या आकड्यासाठी मी ते आणलंच नव्हतं. सकाळपेक्षा दुपारी कसं, या खोलीपेक्षा त्या खोलीत कसं, खिडकी उघडल्यावर काय झालं, एवढं ते इमानानं सांगतं आणि घरासाठी तेवढं पुरतं.

पहिल्यांदा मी ते बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवलं होतं, सगळे ठेवतात तसं. आकडा बरा होता. मग स्वयंपाकघरात, ओट्याच्या टोकाशी, भाकरी थापताना माझं तोंड असतं त्या उंचीवर ठेवलं. चहाला काही झालं नाही. भाकरी तव्यावरून जाळावर गेली तसा आकडा हलला. वाटणासाठी कांदा-खोबरं भाजायला घेतलं तेव्हा वर गेला. आणि रविवारी पांढऱ्या-तांबड्या रश्श्याची तयारी सुरू झाली, मटण परतायला घेतलं, तांबड्या रश्श्याचा कट तेलावर सोडला, तेव्हा काही मिनिटांत तो शेकड्यांत गेला आणि स्वयंपाक संपल्यावरही तास-दीड तास तिथंच रेंगाळला. त्याच वेळी बैठकीत, जिथं पुरुष मंडळी वर्तमानपत्र वाचत बसली होती, आकडा याच्या पावपटही नव्हता. दार बंद असलेल्या वरच्या खोलीत तर काही घडल्याचा पत्ताच नव्हता.

एकाच घरात, एकाच वेळी, एकाच रश्श्यासाठी ही वेगवेगळी हवा. मी ते आकडे वहीत लिहून ठेवले आणि रात्री सगळ्यांसमोर वाचून दाखवले. घरातली हवा सगळ्यांना सारखी मिळत नाही, हे मला त्या दिवशी पुराव्यानं सांगता आलं. ज्याच्याकडं काम आहे त्याच्या वाट्याला धूर जास्त. जो जमिनीवर रांगतो त्याच्या वाट्याला धूळ जास्त. जो आजारी म्हणून आतल्या खोलीत खिडकी लावून झोपतो, त्याच्या वाट्याला शिळी हवा जास्त. चटणी भाजताना सगळं घर खोकतं म्हणून सगळं घर हलतं. रोजच्या फोडणीला एकटी बाई उभी असते, तिला ठसकाही लागत नाही, मग कोण हलणार?

गॅस आला म्हणजे धूर गेला, असं मीही मानत आले होते, आणि चुलीच्या तुलनेत ते खरंच आहे. शेणी-लाकडांपासून गॅसपर्यंत येणं ही बायकांच्या आयुष्यातली फार मोठी सुटका आहे, तिला कमी लेखायचं माझ्या मनातही नाही. पण गॅसच्या ज्योतीतही हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेनं एकत्र येतात आणि नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. तो दिसत नाही, आणि दम्याच्या माणसाला त्रास देतो. तापलेल्या तेलाचा धूर तर इंधन कुठलंही असो, निघतोच.

जुन्या चुलीच्या स्वयंपाकघरात निदान वर कौलांत धुराडं असायचं. आत्तींच्या माहेरच्या घराचं मी बघितलंय. चुलीच्या बरोबर वर कौलं थोडी उचललेली, सगळं आढं काजळीनं काळं झालेलं. पुरेसं नव्हतं ते, पण धुरानं वर जावं आणि बाहेर पडावं ही समज घर बांधणाऱ्याला होती. पेठेतल्या जुन्या वाड्यांत मधे चौक असायचा. तापलेली हवा चौकातून वर जायची आणि खालच्या दारांतून गार हवा आत यायची. वाटण्या झाल्या, चौकांवर स्लॅब पडले, एका वाड्याची चार घरं झाली, आणि स्वयंपाकघर नेहमी उरलेल्या कोपऱ्यात गेलं. आमचंही तसंच आहे. एक खिडकी आहे, ती बोळात उघडते, आणि तिच्यापुढं कित्येक वर्षं फ्रीज उभा होता.

पहिलं काम फ्रीज हलवायचं केलं. दुसरं, एक्झॉस्ट पंखा. तो होताच, पण आवाज करतो म्हणून बंद असायचा आणि तेलकट धुळीनं त्याची पाती जड झाली होती. ती सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली. मग एक गोष्ट कळली जी मला फार महत्त्वाची वाटते: पंखा हवा बाहेर फेकतो ती जागा भरायला कुठून तरी हवा आत यावी लागते. सगळी दारं-खिडक्या लावून पंखा चालवला तर तो नुसता गरगरतो. स्वयंपाकघराच्या समोरच्या बाजूचं, सोप्याकडचं दार बोटभर उघडं ठेवलं तसा आकडा भराभर उतरायला लागला. पंखा शेगडी पेटवण्याआधी लावायचा आणि गॅस बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचा, कारण कण लगेच जात नाहीत. स्वयंपाक चालू असताना छताचा पंखा लावू नये, तो धूर वर जाऊ न देता खोलीभर पसरवतो. मे महिन्यात हे पाळणं अवघड जातं, मला ठाऊक आहे.

चिमणी घ्यायची असेल तर ती पाइपानं बाहेर जाणारीच घ्यावी. बिनपाइपाची चिमणी हवा गाळून परत खोलीतच सोडते. तेलाचे थेंब थोडे अडतात, पण वाफ, उष्णता आणि वायू बहुतेक तिथंच राहतात. विकणारे "पाइप काढायची कटकट नाही" असं कौतुकानं सांगतात. ती कटकटच तर उपयोगाची असते.

डासांच्या कॉइलबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या होत्या. एक कॉइल पूर्ण जळाली की तिच्यातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. ज्या खोलीत आपण लहान मुलाजवळ कुणाला एक सिगारेट पेटवू देणार नाही, तिथं दार लावून आपण ही रात्रभर जाळतो. आमच्याकडं आता खिडक्यांना जाळ्या आहेत आणि पलंगाला मच्छरदाणी. मच्छरदाणी बांधायला कंटाळा येतो हे खरं, पण तो कंटाळा आम्ही आळीपाळीनं वाटून घेतलाय.

उदबत्ती आणि धूप यांविषयी बोलताना मी जपून बोलते, कारण आत्तींची पूजा हा त्यांच्या दिवसाचा कणा आहे. त्यांना मी काही बंद करायला सांगितलं नाही. देव्हारा उत्तरेच्या खिडकीजवळ हलवला, खिडकी पूजा होईपर्यंत उघडी. एकदा यंत्र देव्हाऱ्याशेजारी ठेवलेलं होतं, तेव्हा आत्ती आकड्याकडं बघत राहिल्या. "एवढ्या एका काडीचं?" म्हणाल्या. मग आपणहून म्हणाल्या, "तुपाचं निरांजन हाय की. काडी सणासुदीला लावू." निरांजनातूनही थोडे कण निघतातच, पण काडीच्या मानानं फार कमी, आणि निर्णय त्यांचा होता. नवरात्रात आणि गौरी-गणपतीत धूप होतोच. त्या वेळी त्या इन्हेलर जवळ ठेवतात आणि आरती दारात उभं राहून म्हणतात.

आता न्हाणीघराकडं येते. ही गोष्ट मला सगळ्यांत भीतीची वाटते आणि या लेखातलं एवढंच कुणी लक्षात ठेवलं तरी चालेल. कोल्हापुरात अजून कितीतरी घरांत पाणी बंबात तापतं. तांब्याचा बंब परसात, पत्र्याखाली, उघड्यावर असतो तोवर ठीक. जागा नाही म्हणून तो न्हाणीत आणला, किंवा त्याच्या जागी गॅसचा गिझर बसवला आणि थंडी वाजते म्हणून वरची झडप बंद केली, की तिथं कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, ठसका नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं, आणि कडी आतून लावलेली असते. दर थंडीत कुठून तरी अशी बातमी येतेच. गॅसचा गिझर न्हाणीच्या आत असूच नये. बाहेर, मोकळ्या हवेत बसवून पाण्याचा पाइप तेवढा आत घ्यावा. कणांचं आणि कार्बन डायऑक्साइडचं यंत्र कार्बन मोनॉक्साइड दाखवत नाही, हेही नीट समजून घ्यायला हवं. त्याचा वेगळा, मोठ्यानं वाजणारा अलार्म मिळतो. आमचा गिझर आता मागच्या उघड्या कठड्यात आहे, आणि आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या विद्यार्थ्यांचाही आम्ही बाहेर काढला. भाडेकरूच्या न्हाणीची काळजी घरमालकानं घ्यायची असते.

पावसाळ्यात सगळंच उलटं होतं. आषाढात एकदा झड लागली की आठ-आठ दिवस ऊन नसतं. गगनबावडा, राधानगरीकडं पाऊस कोसळतो आणि सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडं, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझ्या मावशीच्या शाहूपुरीतल्या घरात तळमजला बुडाला होता. पाणी ओसरलं, गाळ काढला, भिंती धुतल्या, आणि सगळ्यांना वाटलं, संपलं. पण भिंतीनं प्यालेलं पाणी महिनोन्‌महिने निघत नव्हतं. दिवाळीच्या आधी घाईनं रंग दिला, तो फुगून आला, त्याच्यामागं काळी-हिरवी बुरशी. मावशीच्या नातवाचा खोकला त्या वर्षी थांबतच नव्हता. बुरशीचे बीजाणू हवेत फिरतात आणि दम्याला, ॲलर्जीला चेतवतात. ओल्या भिंतीवर कपाट टेकवून ठेवलं की मागं हवा खेळत नाही आणि बुरशीला तेच हवं असतं. मावशीकडं मग गिलावा खरवडून काढला, भिंत विटेपर्यंत उघडी ठेवून उन्हाळाभर वाळू दिली, तेव्हा कुठं फरक पडला. पुरानंतर मदत म्हणून धान्य, चादरी, भांडी येतात. भिंत वाळायला लागणारा वेळ मात्र कुठल्याच यादीत नसतो, आणि तो वेळ माणसं त्याच खोलीत झोपून काढतात.

पूर न आलेल्या घरातही जुलैमध्ये दमटपणा ८०-९० टक्क्यांवर जातो. खिडकी उघडून तो जात नाही, कारण बाहेरची हवा त्याहून ओली. घरात आपण त्यात भर घालू नये, एवढं हातात असतं. बादलीभर धुतलेले कपडे आतल्या खोलीत दोरीवर वाळत घातले की त्यांतलं सगळं पाणी त्या खोलीच्या हवेत आणि मग भिंतीत जातं. आम्ही दोरी जिन्याच्या माथ्यावर, छप्पर आहे पण तिन्ही बाजू उघड्या आहेत अशा जागी नेली. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढं ओढली. गाद्यांना पावसाची उघडीप मिळाली की ऊन दाखवायचं ही आमच्या आजीची शिस्त होती, ती परत सुरू केली. दमट गादीत घरधुळीतले सूक्ष्म कोळी वाढतात आणि दम्याच्या माणसाला त्यांचाच त्रास फार होतो.

मग येतो ऊसाचा हंगाम. गुऱ्हाळं पेटतात, रानात पाचट जळतं, रस्त्याकडेला सकाळी शेकोट्या. काही भागांत गच्चीवर काळी भुकटी पडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर डाग पडतात आणि लोक चिडतात. डोळ्यांना दिसणारी ती भुकटी नाकातच अडते. तिच्याबरोबर आलेलं जे दिसत नाही, त्याच्यावर चिडायला हवं. पाचट कुट्टी करून सरीत दाबलं तर जमिनीला खत होतं, हे आमच्या गावाकडचे कितीतरी शेतकरी करून दाखवतात. शहराच्या हवेसाठी केंद्रानं जानेवारी २०१९मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या यादीत कोल्हापूर आहे. पंचगंगेच्या काठच्या, चहूकडं हिरवंगार असलेल्या गावाचं नाव त्या यादीत बघून वाईट वाटलं. थंडीत रात्री गार, जड हवा जमिनीलगत थांबते आणि धूर तिच्यातच कोंडतो. ऊन चढलं की हवा ढवळली जाते आणि तो विरतो. म्हणून या दिवसांत आम्ही पहाटे खिडक्या लावून घेतो आणि अकरा-बारा वाजता सताड उघडतो. सकाळची ताजी हवा म्हणून पहाटे पाचला सगळं घर उघडणाऱ्या आत्तींना हे पटायला वेळ लागला. यंत्र खिडकीच्या गजावर ठेवून त्यांनीच दोन्ही वेळचे आकडे बघितले.

पण खिडक्या लावल्या की कार्बन डायऑक्साइड चढतो. दार लावलेल्या खोलीत आम्ही तिघं झोपतो, तेव्हा पहाटेपर्यंत तो २०००च्या वर जातो. उठल्यावर डोकं जड का असायचं याचं एक उत्तर तिथं सापडलं. दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. आतल्या खोलीचं दार उघडं ठेवून झोपायचं, म्हणजे निदान घरातल्या घरात हवा वाटली जाते, हा आमचा मार्ग.

एअर प्युरिफायर घ्यावा का, असं मला ओळखीचे विचारतात. आत्तींच्या खोलीत आम्ही घेतला आणि त्याचा उपयोग होतो. त्यातला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. मात्र तो वायू अडवत नाही, ओल अडवत नाही आणि शिळी हवा ताजी करत नाही. खोलीच्या मापाचा घ्यावा, फिल्टर वेळेवर बदलावा, ओझोन सोडणारा अजिबात घेऊ नये, कारण ओझोननं फुफ्फुसं भाजतात. आणि आधी धूर काढावा, मग यंत्र आणावं. कॉइल जाळत प्युरिफायर चालवणं म्हणजे पैसे दोन्हीकडं जाळणं. झाडांबद्दलही तसंच. नासाच्या १९८९च्या प्रयोगाचा दाखला देऊन कुंड्या विकल्या जातात. तो प्रयोग लहानशा बंद पेटीत झाला होता. पुढं कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दिसलं की खिडकीतून सहज होते तेवढी सफाई करायला एका चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. माझ्या जिन्यात मनीप्लँट आणि तुळस आहे, ती मला बघायला आवडतात म्हणून.

झाडू मारण्याची पद्धत बदलली, एवढी लहान गोष्ट, पण रांगणाऱ्या मुलाच्या घरात मी ती पहिली सांगेन. कोरड्या झाडूनं बारीक धूळ उडते आणि पुन्हा खाली बसायला तास लागतात. ओल्या फडक्यानं पुसली की ती बादलीत जाते. आमच्याकडं काम करणाऱ्या मावशींना मी यंत्र दाखवलं, कारण ती धूळ सगळ्यांत जास्त त्यांच्याच नाकात जात होती, दिवसाला पाच घरांची. त्या म्हणाल्या, बाकीच्या चार घरांत पण सांगा की. मी सांगितलं. दोन घरांनी ऐकलं.

एक काम राहिलं होतं. आमच्या स्वयंपाकघराचा पंखा बोळात हवा फेकतो, आणि बोळाच्या पलीकडं, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, शेजारच्या काकूंच्या खोलीची खिडकी आहे. आमच्या घरातला आकडा उतरला तो कुठं गेला, हा प्रश्न मला पडला तसा त्यांनाही पडला असणार, पण त्या बोलल्या नाहीत. मीच यंत्र घेऊन त्यांच्याकडं गेले. आमच्याकडं मासे तळायला घेतले होते, पंखा चालू होता, त्यांच्या खिडकीत आकडा चढत होता.

"अगं, वास येतो आम्हाला, पण वासाचं काय एवढं," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडं काय शिजतंय ते कळतं."

त्यांचे यजमान त्याच खिडकीखाली झोपतात, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली आहे. गेल्या महिन्यात आम्ही पंख्याला पत्र्याचा पाइप जोडून तो गच्चीच्या कठड्यावर नेला. पत्र्याच्या कामगारानं दोन कोपरे जास्त घालावे लागतील, ओढ कमी होईल, असं सांगितलं, आणि ती थोडी झालीच. मोठा पंखा बसवून ती भरून काढायची आहे. काकूंच्या स्वयंपाकघराचा पंखाही बोळातच उघडतो. त्यांचा पाइप आमच्या पाइपाशेजारून वर नेता येईल का, हे बघायला तोच कामगार रविवारी येणार आहे. खर्च दोघांत वाटून घ्यायचं ठरलंय.